तारेवर लिहिलेली खोटी वेळ

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, घरी कोरडवाहू जमीन, आन् समुद्र म्हणाल तर आमच्या सात पिढ्यांत कुणी पाह्यला न्हाई. पोहणं शिकलो ते विहिरीत, कमरेला वाळके भोपळे बांधून. एक्क्याऐंशी साली औरंगाबादला नौदलाची भरती निघाली, शाळेतले मास्तर म्हणले जा रे दत्ता, छाती भरती तुझी, तर मी गेल्तो आन् संगं गावातलाच मिलिंद आल्ता. तो बौद्धवाड्यातला, मी मराठ्याचा. गावात व्हतो तवर त्याच्या घरी मी पाणी पेलो नव्हतो, खरं ते सांगतो, लपवाछपवी लई झाली आता. जहाजावर मात्र एका ताटात जेवलो. तो इंजिनाकडं लागला, मी रेडिओच्या खोलीत.

रेडिओवाल्याचं काम काय सांगू तुम्हाला, कानाला हेडफोन लावायचा, कट्ट कडकट्ट ऐकायचं आन् हात आपोआप लिहीत जायचा. आन् कागद आला की त्याच्यावर आल्याची वेळ टाकायची, वार टाकायचा. मजकूर चुकला तर परत विचारता येतो, पण वेळ आपल्याशिवाय कोणालाच ठाव नसती. म्हणून आम्ही टाकलेल्या वेळेवर कुणी शंका घेत नसे, कप्तान बी न्हाई.

घरच्या तारा बी आमच्याकडंच यायच्या, किनाऱ्यावरचं ठाणं रेडिओवर सांगायचं, आम्ही उतरवून घ्यायचो. त्याची एक गंमत. सुट्टी सरळ मागून मिळत न्हाई, म्हणून जो तो घरी कळवायचा, मदर सिरियस कम सून अशी तार करा. रानात निंदत असलेल्या धडधाकट माया तारेत मरणाला टेकायच्या. मी बी केलं, बहिणीच्या लग्नाला. माय म्हणली, मला जिवंतपणी खाटंवर निजवलं का रे मुडद्या. लई हसलो व्हतो.

तर एकदा काय झालं, जहाज मंगळवारी गोव्याला लागणार व्हतं, एका दिवसापुरतं, आन् सोमवारी दुपारी मिलिंदच्या नावची तार आली. वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये, उत्तम. उत्तम म्हंजे त्याचा थोरला भाऊ. मी मनात म्हणलो, घ्या, ह्यानं बी बापाला आजारी पाडलं, आन् आपल्याला बोलला बी न्हाई बेटा. संध्याकाळी चिडवू, म्हणून कागद गठ्ठ्याखाली सरकवला, वेळ बी टाकली न्हाई. मंग सरावाचे संदेश सुरू झाले, एकामागं एक, जेवायला फुरसत न्हाई. जहाज गोव्याला लागलं, बुधवारी निघालं बी. गुरुवारी गठ्ठा उचलला तर खाली तोच कागद.

त्या टायमाला पळत जाऊन त्याचे पाय धरायचे का न्हाई? मी पेन काढला. गुरुवार लिहिलं, सकाळची वेळ लिहिली, नोंदवहीत बी तीच. आन् मंग पळत गेलो, जसं काही तार आत्ताच आली.

शनिवारी मुंबईला उतरून तो रविवारी घरी पोचला. बाप बुधवारी सांजच्यालाच गेल्ता. धाकटा येईल म्हणून जालन्याहून टेम्पोत बर्फाच्या लाद्या आणून लोकांनी गुरुवारभर वाट पाह्यली, शेवटी उरकलं. मिलिंद भावाला म्हणला, बाप गेल्यावर तार केली तू, मी यावं असं तुझ्या मनातच नव्हतं. उत्तमदादा म्हणला, सोमवारी फटफटायला मी भोकरदनच्या वाटंला लागल्तो, पोस्ट उघडायच्या आधी दारात उभा व्हतो. मिलिंद म्हणला, मंग पावती दाखव. आता मयताच्या घरात पावती कुठं सापडती? मिलिंदनं माझा कागद पुढं केला, म्हणला दत्तानं टाकलेली वेळ हाये ही, दत्ता खोटं लिहीत न्हाई. हे त्यानंच जहाजावर परत येऊन मला सांगितलं, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आन् मी त्याची पाठ थोपटून राह्यलो. अजून ह्या हाताची लाज वाटती.

पंधरा वर्षं भरली, मी सुटलो, जालन्यात सरकारी वायरलेसवर लागलो. पुराचे, बंदोबस्ताचे निरोप. वेळेचा इतका पक्का झालो की साहेबांनी सगळ्यांपुढं कौतुक केलं, म्हणले नोंद कशी ठेवावी हे दत्तारावांकडून शिका. टाळ्या वाजल्या. मला वर पाहवंना.

मिलिंद बी सुटून आला, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात सिक्युरिटीला लागला. भावाचं तोंड पाहत नव्हता. उत्तमदादाच्या थोरल्या पोरीचं लग्न निघालं तवा मला विचारलं, जाऊ का? मी म्हणलो, तुझं तू पाहा, पण मी न्हाई गेलो असतो. अशी जीभ माझी. तो गेला न्हाई. धाकटीची पत्रिका आली तवा परत आला, म्हणला, जावंसं वाटून राह्यलंय, पण बाप डोळ्यांपुढं येतो, तूच सांग, तू साक्षीला हायेस. मी म्हणलो, तार सोमवारी आल्ती मिलिंद, मी दाबली.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं चपला घातल्या आन् भोकरदनची बस धरली. मांडवात भावाच्या गळ्यात पडला म्हणे, नवरी राह्यली बाजूला, लोक ह्यांच्याकडंच पाहत व्हते. आता मला रस्त्यात पाह्यलं की तो बाजूनं निघून जातो. बराबर हाये त्याचं.

चार दिवसांनी उत्तमदादा माझ्या दारात. म्हणलो, आता मारतो. तर पाणी पेला आन् म्हणला, दत्ता, वीस वर्षं गाव मला खोटारडा म्हणून राह्यलं, बापाला पोराची भेट होऊ दिली न्हाई म्हणून. तेवढं गावात येऊन एकदा चार माणसांत सांग. दुसरं काही नको.

दोनदा गेलो. दोन्ही वेळेला गावच्या फाट्यावर बस थांबली, पारावर माणसं दिसली, आन् मी उतरलोच न्हाई, तसाच पुढं गेलो. माझ्याच्यानं तोंडानं होत न्हाई. म्हणून तुम्हा लिहिणाऱ्या माणसाला सांगून राह्यलो. ते दोघं भाऊ सुखानं नांदोत. तुम्ही माझं नाव घालून लिहा, आन् गावात वाचून दाखवा, की उत्तमदादानं तार सोमवारीच केल्ती.