व्यंकटरावांची हलकी गाडी

व्यंकटराव : साठ म्हणला होतास तू, शिवशंकर. लिटरला साठ! तीसच्या वर जाऊन न्हाई राहिली.

शिवशंकर : काका, माझ्या शेडातून निघाली तवा साठच देत होती. आपल्या इथल्या गोरेगावापासून हिंगोलीपर्यंत तुमच्यासमोर मोजून दाखवलं.

व्यंकटराव : पुतण्यानं चारचाकी बनवली म्हणून पयली गाडी मी घेतली. आता पुसेगावात दहा जण माझ्या तोंडाकडं पाहून राहिले. मी व्हय म्हणलं तर दहा गाड्या खपतील. न्हाई म्हणलं तर ह्या शेडात शेळ्या बांध.

शिवकन्या : दादा, गाडी हळदीच्या काट्यावर घाल. मग बोलू.

(काट्यावरून परत आल्यावर.)

शिवकन्या : चारशे दहा किलो! गेली तवा दोनशे चाळीस होती. काका, गाडी गाभण राहिली का काय?

व्यंकटराव : पोरी, चुलत्याशी बोलून राहिलीस.

शिवशंकर : पुढं हे लोखंडी गार्ड कोणी लावलं?

व्यंकटराव : ग्यानोबा वेल्डरनं. म्हशीनं धडक दिली तर?

शिवशंकर : अन् मागचं?

व्यंकटराव : मागून दुसरी आली तर?

शिवकन्या : वरचा कॅरिअर मग वरून पडणाऱ्या म्हशीसाठी असंल. दादा, सीट उचल बरं... अगं बाई! शहाबादी फरशी! एक न्हाई, चार!

शिवशंकर : काका, दाराच्या कडीतले दहा ग्रॅम कमी करायला मला महिना लागला. चार वर्षं मी अन् माझी बहीण खिळा न् खिळा तोलून राहिलो. अन् तुमी फरश्या घातल्या? काहून?

व्यंकटराव : जाऊ दे ते.

शिवकन्या : सांगा की, काका.

व्यंकटराव : आमच्या पुनमच्या लग्नात गाडी मांडवापुढं लावली होती. नवरदेवाच्या घोड्याला वाट पाहिजे होती. किल्ली माझ्या खिशात. मला हाक मारायची सोडून वऱ्हाडातल्या चौघांनी गाडी उचलली अन् उकिरड्याशेजारी नेऊन ठेवली. याह्यासमोर, पोरीच्या सासऱ्यासमोर! बँडवालेसुद्धा वाजवायचं थांबून पाहून राहिले. आजबी पारावरून गेलो की कोणी तरी म्हणतंच, "व्यंकटराव, वारा सुटलाय, गाडी बांधून ठेवा."

शिवशंकर : लई हसले का?

व्यंकटराव : लेक हसली रे. हळद लागलेली लेक.

शिवकन्या : मी फरश्या काढते. परत साठ देईल.

व्यंकटराव : हात लावू नको! तीस तर तीस! साठ कोणाला दिसतं? ते टाकीत असतं. उचललेली गाडी साऱ्या गावाला दिसती.

शिवशंकर : मग त्या दहा जणांना काय सांगणार?

व्यंकटराव : ते एकच इचारतात, उचलता येती का? साठचं एकानंबी काढलं न्हाई. जड करून दे, उद्याच घेऊन येतो सगळ्यांना.

शिवकन्या : दादा, न्हाई म्हण. चार वर्षं घातली आपण.

शिवशंकर : न्हाई म्हणलं तर पाचवं वर्ष कशावर काढू? ...किती जड पाहिजे, काका?

व्यंकटराव : चौघांना उचलता येऊ नये. बस्स.

शिवशंकर : अन् वऱ्हाडातून पाच जण आले तर?