गप्पी माशांचा पाहुणचार

माशांचा पाहुणचार कधी पाहिलाय? मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पाहिलाय.

तिकडे मी आरोग्यसेवक आहे. एका पाड्यावर दर पावसाळ्यात मलेरिया ठाण मांडायचा, म्हणून तिथल्या हौदात मी गप्पी मासे सोडले. ते डासांच्या अळ्या खातात. हौद काशीमावशीच्या दारापुढेच, त्यामुळे लक्ष ठेवायला तिलाच सांगितलं.

पुढच्या फेरीला बघतो तर मासे चांगले टुमटुमीत, आणि अळ्याही मजेत वळवळतायत!

"मावशी, हे मासे अळ्या का खात नाहीत?"

"कशाला खातील? मी रोज नागलीची भाकर चुरून टाकते ना. नाशिकहून आलेले पाहुणे, त्यांना काय किडे खायला घालू?"

मी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, पोट भरलेला मासा काम करत नाही! भाकर बंद करा, नाहीतर अख्खा पाडा तापानं फणफणेल."

तिनं ऐकलं. नंतर गेलो तर हौदात औषधालाही अळी नव्हती! खूश होऊन मी तिच्या ओट्यावर जेवायला बसलो. आल्या आल्या तिच्या हातची भाकर खायची आणि तिथंच खाटेवर डुलकी काढायची, हा माझा नेहमीचा नेम. पण त्या दिवशी ताटच येईना.

"मावशी, भाकर?"

"आधी समदी घरं हिंडून ये," ती आतून म्हणाली. "पोट भरल्यावर तू बी काम करत नाय."