सासऱ्यांच्या रायफलचा तिसरा देश

आमच्या सासऱ्यांना तुम्ही हवेत गेलेलं पाहिलं नसेल. मी पाहिलंय, चांगलं आठवडाभर!

इंदिरानगरच्या त्यांच्या घरी भिंतीवर एक रायफल आहे. नळी बुजवलेली, नुसती शोभेची. त्यांच्या वडिलांनी महायुद्धातून आणलेली. दर खंडेनवमीला तिची पूजा होते. यंदा मी वर्षानुवर्षांचं कुंकू खरवडलं, तर खाली गरुड! सासूबाईंनी लगेच हात जोडले. मी पोलंडमधल्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. उत्तर आलं, "गरुड आमचाच. नंबर मात्र जर्मनांनी नंतर मारलेत. पण गोळी भरायच्या बोल्टच्या दांडीचा हा गोळा मी कुठल्याच सैन्यात पाहिला नाही. नक्की तिसरा देश! फार दुर्मिळ!"

झालं! सासरे गल्लीभर सांगत सुटले. त्यांचे जुने मित्र सलीमभाई, सातपूरच्या कारखान्यातले रिटायर्ड फिटर, मुद्दाम बघायला आले. त्यांनी गोळा चाचपला आणि ओरडलेच, "अरे, हा तर माझ्या स्कूटरच्या ब्रेकच्या दांडीचा! बापू, तू रायफलने खिळा ठोकताना गोळा तोडलास, आणि वडील यायच्या आत मी आटे पाडून हा बसवून दिला, आठवतं?"

सासरे लालेलाल. "सल्या, चाळीस वर्षं गप्प होतास ना? मग आजच काय झालं?"

मी इमानदारीत पोलंडला कळवलं, "तिसरं काम सातपूरचं."

तासाभरात मेल, "अभिनंदन! सातपूरच्या सैन्याबद्दल आम्हाला काहीच माहिती नव्हती. त्यांच्याकडे अशा अजून किती आहेत?"