सासऱ्यांची नाडी

मला डॉक्टर म्हणता, पण मी आयुष्यात एकच जिवंत माणूस तपासला, तो माझा सासरा. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मी नागपूरला मेडिकलच्या पोरांना शरीररचना शिकवायचो. दिवसभर प्रेतं आणि मी.

मुलगी पाहायला वऱ्हाडातल्या पिंपळगाव राजा या गावी गेलो. मुलगी मनात भरली. ती आत गेली आणि तिच्या वडिलांनी बाही सारून हात पुढे केला. डॉक्टर दिसला की हात पुढे करायचा, ही आपल्याकडची रीतच.

"नाडी पाहा जी. मी काही आता वाचत नाही, असं वाटून राह्यलं."

नाही कसं म्हणणार? मनगट धरलं आणि दचकून सोडलं.

"काऊन जी? काय झालं?"

"काही नाही. हात गरम लागला."

"म्हंजे ताप?"

"ताप नाही. माझ्याकडे येतात ते हात गार असतात. तुम्ही त्यातले नाही, एवढं खात्रीनं सांगतो."

ते बराच वेळ मनगट चोळत बसले.

"पोरगी देली तुम्हाले," शेवटी म्हणाले. "पन माह्या अंगाले पुन्हा हात लावाचा नाही."