फळ्यावरचं मायचं नाव

हसू नका, पण पन्नाशीत मी मंगरूळपीरला लोकगीतांच्या उन्हाळी वर्गाला गेले. सरांनी फळ्यावर निंदणाचं, म्हणजे शेतातलं तण काढतानाचं, एक गाणं लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘रचना : अज्ञात’. ते वाचून मला बसवेना. दोनदा उठले, दोनदा बसले.

सर म्हणाले, “काय होऊन राह्यलं ताई? घरी जायचं हाय का?”

“नाही सर. हे गाणं माह्या मायनं रचलं. आसेगावच्या वावरात, निंदता निंदता. मी तिच्यासंग होती.”

सगळा वर्ग वळून बघू लागला. वाटलं, आता पुरावा मागतील. सरांनी ‘अज्ञात’ पुसलं आणि खडू माझ्या हातात दिला.

“नाव लिहा.”

मायनं जन्मभर अंगठाच लावला होता. मी ‘गिरजाबाई’ एवढंच लिहिलं, तर डोळ्यांतल्या पाण्यानं ते माझं मलाच वाचवेना.