कंबरेइतकं पाणी

दाताच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवराबायको बसले होते.

"रविवारी धबधब्याच्या डोहावर तुझ्या बाबांना कशाला न्यायचं? या वयात पाय घसरला म्हणजे?"

"बेत त्यांचाच आहे. जावयाला पोहताना बघायचंय म्हणे."

"आणि माझी दाढ? थंड पाणी सोसत नाही तिला."

"तोंड मिटून पोहा. धाकटी सगळ्या वर्गाला सांगून आलीय, बाबा कड्यावरून उडी मारणार."

"कड्यावरून?"

"तुम्हीच सांगितलंत तिला."

"अगं, मला पोहता येत नाही."

"माहितीये."

"लग्नाआधी तुझ्या बाबांनी विचारलं, पोहता येतं का. नाही कसं म्हणणार?"

"पुढे त्यांनी विचारलं, किती खोल पाण्यात. तुम्ही म्हणालात, कंबरेइतकं असलं तर तासन्‌तास."

"मग?"

"तुम्ही गेल्यावर आठवडाभर हसत होते. म्हणाले, याला धड थापही मारता येत नाही, डोळे झाकून हो म्हण."

"सतरा वर्षं कुणी बोललं नाही?"

"तुम्ही कधी कबूल करताय, त्याची वाट बघत होतो. उठा, आपला नंबर आला."

"ऐक ना. दाढही दुखत नाहीये."