सावलीचा सांभाळ

अधिकारी : तुमचा आक्षेप फेटाळला आहे. या, बसा.

बाबा : अहो, मी अजून दारातच आहे.

अधिकारी : अरेच्चा! मग मी काही बोललोच नाही. निकाल सुनावणीनंतर लागतो. सुनावणी आता सुरू. बाई, तुम्ही विरुद्ध पक्ष ना? पलीकडच्या खुर्चीवर बसा.

आई : त्या खुर्चीचा पाय मोडलाय.

अधिकारी : मग यांच्या शेजारीच बसा, पण जरा विरुद्ध तोंड करून. हं, बोला. पोटगीच्या आदेशात चूक काय?

बाबा : 'वडिलांचा सांभाळ : शून्य' असं लिहिलंय. रक्कम ठरवाल ती देतो साहेब, कुरकुर नाही. तेवढं शून्य खोडा.

अधिकारी : मूल ज्याच्याकडे रात्री झोपतं, त्याचा सांभाळ. तुमच्याकडे ती एकही रात्र झोपत नाही.

बाबा : रात्री मीच घरी नसतो. बेकरीत भट्टीवर असतो. सकाळी घरी येतो, तेवढ्यात ही पोरीला सोडून दवाखान्यात ड्यूटीवर जाते. मग संध्याकाळपर्यंत टिंगी माझ्याकडे. न्हाणं, भरवणं, पडणं, रडणं, सगळं.

अधिकारी : आणि तुम्ही झोपता कधी?

बाबा : दुपारी ती झोपते तेव्हा.

अधिकारी : म्हणजे झोपते तुमच्याकडे!

बाबा : झोपते की!

अधिकारी : पण उजेडात. उजेडातली झोप धरत नाहीत.

बाबा : जाड पडदे लावले तर?

अधिकारी : मागे एकानं लावले होते. पडदा म्हणजे रात्र नव्हे, असा निर्णय झाला.

आई : साहेब, मी लिहून देते. दिवसा हाच सांभाळतो. नवरा म्हणून याला मी दहातले दोनच मार्क देईन, पण बाप म्हणून हा पास आहे.

बाबा : दोन? मागच्या वेळी तीन होते.

आई : मागच्या वेळी तू तिची वेणी नीट घातली होतीस.

अधिकारी : भावना पोचल्या. पण दिवसा असं घडतं तरी काय? मुलं खेळतात.

बाबा : काल तिला सावली सापडली.

अधिकारी : कुणाची?

बाबा : स्वतःची. अंगणात. आधी घाबरली. मग खाली बसली, तर तीही बसली. टिंगीनं हातातला पाव मोडून अर्धा तिच्या तोंडाशी ठेवला. बराच वेळ वाट पाहिली. ती खाईना, तेव्हा मला म्हणाली, "बाबा, ही लाजते." मी उभाच राहिलो, साहेब. भट्टीत रोज एवढं पीठ फुगताना बघतो, पण असं काही उमलताना कधी बघितलं नव्हतं.

आई : हे मला सांगितलं नाहीस!

बाबा : तू दारातून पिशवी घेतेस नि पळतेस.

आई : थांब... काल रात्री दिव्याखाली भिंतीला हात लावून मला म्हणाली, "हिला पण पांघरूण घाल." मला वाटलं, बाहुलीचं म्हणतेय. बाहुलीला घातलं.

बाबा : मग?

आई : मग स्वतःचं पांघरूण काढून भिंतीला लावत बसली.

बाबा : अगं आई गं...

(अधिकारी पेन खाली ठेवतो.)

अधिकारी : पण मी म्हणतो, दिवा घालवल्यावर?

आई : घालवल्यावर म्हणाली, "झोपली."

अधिकारी : ...झोपली. काय पण! कमाल आहे हो. मला दोन मुलं आहेत. त्यांना त्यांच्या सावल्या कधी सापडल्या, मी विचारलंच नाही. मी इथं होतो.

बाबा : मग शून्य खोडता?

अधिकारी : ते माझ्या हातात नाही. रकाना रात्रीचाच आहे. वर अपील करा. दीड वर्षात नंबर लागेल.

आई : दीड वर्षात ती शाळेत जाईल. याच्याकडे दिवसही उरायचे नाहीत.

अधिकारी : अपिलाखाली एक विनंती जोडता येते. सांगा, मी लिहितो.

बाबा : लिहा. सदर अपिलाचा निकाल लागेपर्यंत मुलीच्या मोठं होण्यास स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती.